सतरा एकर बारा गुंठे

तासगावचा माणूस जगातल्या कुठल्याही गोष्टीपुढं उभा राहिला की आधी ती मोजतो. कन्याकुमारीला जाऊन आलेले आमचे एक शेजारी तीन समुद्र बघून पारावर आले आणि एवढंच म्हणाले, "पाणी दांडगं हाय, पण खारं. बागंला चालायचं न्हाई." यात अरसिकपणा नाही. ज्याचा जन्म एकरी किती टन, किलोला किती रुपये आणि औषधाला किती गेले या तीन आकड्यांत गेला, त्याचे डोळे आकडा कळल्याशिवाय दिपत नाहीत.

त्यामुळं प्रागच्या किल्ल्याच्या दारात गाईडबाईंनी "सत्तर हजार चौरस मीटर, गिनीज बुकानुसार जगातला सगळ्यात मोठा प्राचीन किल्ला" असं अभिमानानं सांगितलं तेव्हा आमच्या गटातल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींनी "वॉव" म्हटलं आणि तासगावची मंडळी कोरी राहिली. आबा माझ्याकडं वळले.

"सर, एकरात सांगा."

मी मोबाइल काढून भागाकार केला. "सतरा एकर बारा गुंठे."

"हां," आबा म्हणाले, आणि पहिल्यांदाच मान वर करून किल्ल्याकडं नीट बघितलं. "म्हंजे आमचा मळा आनि शेजारचा धरला तर एवढंच. पर समदं बांधकामातच घातलंय की."

आता ही मंडळी तिथं कशी पोचली ते सांगायला हवं. द्राक्षबागायतदार वर्षातून एकदाच मोकळा होतो, तोही पुरता नाही. माल गेलेला, बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवलेला, एप्रिलची खरड छाटणी उरकलेली आणि पाऊस अजून लांब, अशी एक फट मे महिन्यात सापडते. पूर्वी या फटीत लग्नं, यात्रा आणि फार तर तिरुपती बसत असे. अलीकडं युरोप बसायला लागला आहे. आबा मोठे बागायतदार, शिवाय माळकरी. आक्का त्यांच्या कारभारीण. तात्या बेदाण्याचे अडते. मी हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालो, म्हणून गटात माझं काम ठरलेलं: गाईडबाई सांगतील ते मराठीत आणि त्या सांगत नाहीत ते अंदाजानं.

बाग थोरल्या पोराच्या ताब्यात दिलेली होती, पण ताबा देणं आणि विश्वास ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोज ठरल्या वेळी आबा व्हिडिओ कॉल लावत. मागं युरोपातलं काय वाट्टेल ते असो, फोनच्या पडद्यावर फक्त वेल. "कॅमेरा खाली धर. पान उलटं कर. हां, ह्येच्यावर काय दिसतंय पांढरं?" पोरगा बिचारा म्हणे, "आबा, तुमच्या मागं काय हाय ते तर दावा की." आबा म्हणत, "माझ्या मागं काय न्हाई. तू पान दाव."

तात्यांचं लक्ष वेगळीकडं. हॉटेलातल्या नाष्ट्याला कोरड्या पोह्यासारखं जे काही वाडग्यात देतात, त्यात बेदाणे असत. तात्या एकेक बेदाणा वेचून रुमालावर मांडत, उजेडाकडं धरत, बोटांत दाबत. "तुर्कस्तानचा दिसतोय. रंग बघा सर. तासगावच्या सौद्याला आनला तर ह्यो माल तिसऱ्या नंबरात बी कुनी धरायचा न्हाई." शेवटी तो वाडग्यातला नाष्टा तसाच राही आणि तात्या खिशातला हिरवागार बेदाणा काढून खात. २०१६ साली सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते तात्यांनी विमानतळावर सामान तपासणाऱ्यालाही सांगून झालं होतं.

तर किल्ला. आमच्या डोक्यात किल्ला म्हणजे तट, बुरूज, चोरदरवाजा, आणि चढताना लागलेली धाप. इथं यातलं काहीच समोर दिसेना. लांबलचक फिकट रंगाची इमारत, ओळीनं खिडक्या, वर झेंडा. आबांना वाटलं ही तिकिटाची कचेरी असावी आणि किल्ला मागं. ते अगदीच चूक नव्हतं. नवव्या शतकात, इसवी सन ८८०च्या सुमारास बोर्झिवोय नावाच्या राजानं इथं गड बसवला. पुढं प्रत्येक राजानं आपापली भर घातली, आणि अठराव्या शतकात मारिया थेरेसा या राणीनं हे सगळं बाहेरून एकसारखं करून घेतलं. तेव्हापासून जगातला सगळ्यात मोठा प्राचीन किल्ला बाहेरून जिल्हा परिषदेसारखा दिसतो. आणि आहेही तसाच. चेक राष्ट्राध्यक्षांची कचेरी आत आहे. सांगलीच्या गणेशदुर्गात कित्येक वर्षं सरकारी कचेऱ्या होत्या, त्यामुळं किल्ल्यात कारकून असणं आम्हाला नवीन नव्हतं.

दारात दोन पहारेकरी पुतळ्यासारखे उभे. उन्हाळी गणवेश फिकट निळा. १९८९च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष झालेल्या वाक्लाव हावेल या नाटककारानं हे गणवेश थेओडोर पिश्टेक यांच्याकडून करून घेतले. 'अमाडेउस' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळालेला माणूस. नाटककार राष्ट्राध्यक्ष झाला की पहिला बदल कपडेपटात होतो, हे मी मोठ्या रंगानं सांगत होतो. पण ऐकत कोण होतं? सगळे पहारेकऱ्याच्या खांद्याला खांदा लावून फोटो काढण्यात गुंग. आक्का तेवढ्या बाजूला उभ्या राहून त्या पोराच्या तोंडाकडं बघत होत्या.

"किती वेळ उभं करत्यात ह्येला?"

"तासातासानं बदलतात, आक्का."

"तासभर? ह्या उनात? आन् एकजन पानी इचारत न्हाई. फोटू मातर काढत्यात."

असं म्हणून त्यांनी पिशवीतून सांगलीच्या भडंगाचा एक पुडा काढला आणि पोराला हलायची परवानगी नाही हे ध्यानात आल्यावर त्याच्या बुटांजवळ ठेवला. राष्ट्राध्यक्षांच्या दारात बेवारस पुडा! आमचा टूर मॅनेजर आयुष्यात एवढा जोरात पळाला नसेल. त्यानं पुडा उचलला, चौघांची माफी मागितली आणि आक्कांना हात जोडले. पहारेकरी हलला नाही, पण मी शपथेवर सांगतो, त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला.

आतल्या चौकात गेलं की एकदम अंगावर येतं ते सेंट व्हिटस कॅथीड्रल. इथं मात्र सगळ्यांचा आवाज बंद झाला. दगडाला एवढं उंच चढायला लावणाऱ्या माणसांपुढं आपली मान आपोआप मागं जाते. आबांनी टोपी सावरली आणि ठरलेला प्रश्न विचारला, "किती दिस लागलं?"

"१३४४ला सुरू झालं, १९२९ला पुरं झालं."

"म्हंजे?"

"पाचशे पंच्याऐंशी वर्षं."

मला वाटलं होतं आबा चकित होतील. पण म्हैसाळ आणि टेंभू योजनांच्या पाण्याची वाट बघण्यात ज्याची काळी दाढी पांढरी झाली, त्याला पाचशे पंच्याऐंशी वर्षांचं तितकंसं काही वाटत नाही. "मधी निधी संपला असंल," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. तसंच होतं. पंधराव्या शतकात हुसाइट युद्धं पेटली आणि काम जे थांबलं ते कित्येक पिढ्या अर्धवट राहिलं.

तात्या मात्र पेटले. "आपल्या गनपतीचं बघा की सर." तासगावचं गणपती मंदिर परशुरामभाऊ पटवर्धनांनी १७७९ला बांधायला घेतलं आणि १७९९ला ते पुरं झालं. भाऊ कर्नाटकच्या स्वाऱ्यांवर सारखे जात, तिकडची देवळं बघत, म्हणून आमच्या देवळापुढं सात मजली दाक्षिणात्य गोपुर आहे. लढाया चालू, पेशवाईचं राजकारण चालू, आणि देऊळ वीस वर्षांत उभं. ज्या साली ते पुरं झालं त्याच साली भाऊ लढाईत पडले, ही हळहळ तासगावात अजून आहे. गाईडबाईंना हे इंग्रजीत सांगायची जबाबदारी माझ्यावर आली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "गणपती म्हणजे तोच ना, हत्तीचा?" तात्यांनी लगेच दुरुस्ती केली, "उजव्या सोंडेचा!" याचं इंग्रजी मला जमलं, पण महत्त्व पोचवता आलं नाही.

आत रंगीत काचेच्या प्रचंड खिडक्या. त्यातली एक अल्फोन्स मुखा या जगप्रसिद्ध चित्रकाराची, १९३१ सालची. सगळं जग तिच्यापुढं उभं राहून फोटो काढतं. तिच्यात संत आहेत, राजे आहेत, आणि सगळ्यात खाली पैसे देणाऱ्या विमा बँकेचं नाव आहे. हे मी सांगताच गटात आपलेपणाची लाट पसरली. एवढा वेळ परकं वाटणारं देऊळ एकदम नात्यातलं झालं. आपल्याकडं पायरीच्या फरशीवर, पाण्याच्या टाकीवर, इतकंच काय पंख्याच्या पात्यावरही देणगीदाराचं नाव असतं आणि पंखा चालू झाला की ते वाचता येत नाही. इथं नाव काचेवर आहे, ऊन आलं की उजळतं. देणगीदाराची सोय इथं जास्त बघितली आहे, असं आमचं एकमत झालं.

याच देवळात सेंट वेन्सेस्लास चॅपल आहे. भिंतीत मौल्यवान खडे बसवलेले, आत पाय ठेवायची परवानगी नाही, दारातून बघायचं. त्याच्या एका कोपऱ्यातल्या दारापलीकडं वर एक खोली आहे आणि त्या खोलीत बोहेमियाचा, म्हणजे जुन्या चेक राज्याचा, राजमुकुट. चौथ्या चार्ल्स राजानं १३४६ साली घडवून घेतलेला. दाराला सात कुलपं आणि सात किल्ल्या सात जणांकडं: राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान, संसदेच्या दोन्ही सभागृहांचे अध्यक्ष, आर्चबिशप, कॅथीड्रलच्या धर्ममंडळाचा प्रमुख आणि प्रागचा महापौर. सातही जण आले तरच दार उघडतं.

आबा बराच वेळ त्या दाराकडं बघत राहिले. मला वाटलं श्रद्धेनं असेल.

"सर, आमच्या सातबाऱ्यावर बी सात नावं हायती," ते हळू आवाजात म्हणाले. "एक पुन्याला, एक मुंबईला, दोघांचं बोलनं बंद, एक बहीन कोल्हापूरला रुसून. ही सात मान्सं एका जागी येत्यात कधी?"

"नवा राष्ट्राध्यक्ष आला, काही मोठा प्रसंग असला की येतात. मुकुट लोकांना दाखवतात."

"बरं हाय. आमच्यात मयत व्हावं लागतं."

तिथून जुन्या राजवाड्यात. व्लादिस्लाव दालन बासष्ट मीटर लांब, सोळा मीटर रुंद आणि मधे एकही खांब नाही. पंधराशे साल उजाडता उजाडता ते पुरं झालं. या दालनात घोड्यांवरून भाल्यांचे सामने होत. घोडे आत यावेत म्हणून मुद्दाम बसक्या, रुंद पायऱ्यांचा जिना आहे. आज राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी इथंच होतो. कमानीच्या फासळ्या छतभर वेलीसारख्या फिरलेल्या, मी तोंड उघडं ठेवून बघत होतो. तात्या पावलं टाकून लांबी मोजत होते. पंधरा किलोचा एक, असे बेदाण्याचे किती बॉक्स बसतील याचा हिशेब त्यांनी तोंडी केला आणि समाधानानं म्हणाले, "खांब न्हाईत ही चांगली गोष्ट हाय. आन् गारवा आयताच. विजेचं बिलच न्हाई."

आता त्या खिडकीकडं येतो. प्रागच्या किल्ल्यात एवढं सोनं, काच, दगड आहे, पण तासगावच्या मंडळींनी सगळ्यात जास्त वेळ काढला तो एका साध्या खिडकीपाशी.

२३ मे १६१८. बोहेमियातल्या प्रॉटेस्टंट सरदारांनी चिडून राजाच्या दोन कॅथलिक कारभाऱ्यांना आणि त्यांच्या चिटणीसाला या खिडकीतून बाहेर फेकलं. खाली जवळजवळ सत्तर फूट. आणि तिघंही जगले! यावरून युरोपात जे युद्ध पेटलं ते तीस वर्षं चाललं, १६४८पर्यंत. ते ऐन भरात असताना, १६३० साली, इकडं शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. इतिहासाच्या तासाला मी हे किती वेळा सांगितलं असेल, पण मुलांना त्या वेळी खिडकी दिसत नव्हती. आता प्रत्यक्ष खिडकीत उभा राहून सांगत होतो.

"जगलं कसं?" आबांनी विचारलं.

"कॅथलिक म्हणतात, मेरीमातेनं झेललं. प्रॉटेस्टंट म्हणतात, खाली उकिरडा होता, शेणाच्या ढिगावर पडले."

शेण हा शब्द निघाला आणि सभेचं स्वरूपच बदललं. एवढा वेळ मी बोलत होतो आणि ते ऐकत होते. आता विषय त्यांचा होता. पहिला मुद्दा, ढीग केवढा? सत्तर फुटांवरून पडलेला माणूस वाचायचा तर दोन-चार ट्रॉल्यांनी भागणार नाही, यावर एकमत. दुसरा मुद्दा जास्त बारीक: शेण ओलं की कुजलेलं? "ओलं असतं तर रुतला असता," आबा म्हणाले. "वरनं मानूस पडतोय, आत गेला की गुदमारनार. चांगलं दीड वर्ष कुजलेलं, भुसभुशीत शेनखत पायजे. पाय टाकला की दबतंय आन् वर उचलतंय." तात्यांना मूळ शेणाविषयीच शंका होती. गडावर एवढी गुरं कुठली? सगळे घोडेस्वार. म्हणजे लीद. "लीद उष्ण," आबा तडक म्हणाले, "भाजून निघाला असता."

मी सांगून बघितलं की भिंत खाली उतरती आहे, अंगात जाड झगे होते, त्यामुळं ते घसरत गेले असावेत असंही काही अभ्यासक म्हणतात. कुणी दाद दिली नाही. मागं जपानी लोकांचा एक गट ताटकळत उभा होता. त्यांच्या गाईडला वाटलं आम्ही धर्मयुद्धाच्या कारणांवर चर्चा करतोय. त्यानं आदरानं वाट बघितली.

त्या तिघांतल्या चिटणीसाला पुढं बादशहानं सरदारकी दिली आणि त्याच्या किताबात चक्क 'उंचावरून पडलेला' अशा अर्थाचा शब्द घातला. आपल्याकडं असता तर घराण्याचं आडनाव 'उंचपडे' पडलं असतं आणि आज त्यांचा वाडा असता. आपल्याकडं कडेलोटाची शिक्षा होती, रायगडाचं टकमक टोक त्यासाठी प्रसिद्ध आहे. पण टोकाखाली उकिरडा ठेवायची पद्धत नव्हती. त्यामुळं आपल्या इतिहासात अशी आडनावं नाहीत.

गोल्डन लेनमध्ये मात्र आम्ही भराभर चाललो. तटाला चिकटलेली बुटकी रंगीत घरं, आत शिरताना वाकावं लागतं. मूळ ती किल्ल्याच्या शिपायांची. सोनं बनवणारे किमयागार इथं राहायचे ही दंतकथा, आणि कित्येक घरांत दुकान ही वस्तुस्थिती. किमया अजून चालू आहे, असं म्हणायला हरकत नाही. बावीस नंबरच्या निळ्या घरापाशी मी थांबलो, कारण १९१६-१७च्या हिवाळ्यात फ्रान्झ काफ्का तिथं रोज लिहायला येत असे. पुढं त्यानं 'कॅसल' नावाचीच कादंबरी लिहिली. ती अपुरी राहिली आणि त्याच्या मृत्यूनंतर १९२६ला छापली गेली.

"गोष्ट काय हाय?" आबांनी विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं असावं.

मी सांगितली. एक मोजणीदार असतो. किल्ल्याच्या कचेरीनं बोलावलं म्हणून तो गावात येतो. पण त्याला कुणी बोलावल्याचं धड कुणी कबूल करत नाही. हा अधिकारी त्या अधिकाऱ्याकडं पाठवतो, तो म्हणतो कागद दुसऱ्याकडं आहे. किल्ला रोज समोर दिसतो, पण शेवटपर्यंत याला किल्ल्यात जाता येत नाही, आणि मोजणी होतच नाही.

आबा थांबले. ठरल्या वेळचा व्हिडिओ कॉल चालू होता, तो त्यांनी पहिल्यांदाच मधे कट केला.

"मग ह्यात कादंबरी काय हाय, सर? ह्ये तर खरंच घडतंय. आमच्या बांधाची मोजनी भरली तवा पोरगं शाळंत हुतं. आता पोराला पोरगं झालं. मोजनीदार आजून यायचाय." मग जरा विचार करून, "पर त्या मोजनीदाराची बाजू आमाला कधी कळली न्हाई. त्यो बी फिरत असंल बिचारा."

काफ्कावर मराठीत समीक्षा काही कमी झालेली नाही. पण मोजणीदाराविषयी एवढी सहानुभूती त्यात मला कुठं आढळलेली नाही.

इथं जरा आडवळण घेतो, कारण ते मनातून जात नाही. आमच्या त्या बसमध्ये सांगली-साताऱ्याकडची बरीच माणसं होती. दुपारी जेवताना मी सहज विचारलं, बाणूरगड कुणी बघितलाय? खानापूर तालुक्यातला, तासगावहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला परत. जुना भूपाळगड. फिरंगोजी नरसाळा तिथं किल्लेदार, १६७९ला दिलेरखानानं तो घेतला, बहिर्जी नाईकांची समाधी तिथं दाखवतात. एका काकांनी हात वर केला. लग्नाला गेले होते, गडावर गाव आहे तिथं. गड बघितला का? "मांडव लई लांब हुता, तेवढ्यात जेवनं सुरू झाली." २०२४च्या जुलैत लंडनच्या संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याला आली तेव्हा यांतले बरेच जण रांग लावून बघून आले होते, पण शहराच्या डोक्यावर बसलेल्या अजिंक्यताऱ्यावर त्यांतलं कुणी चढलं नव्हतं. रांग आणि काच असली की आपल्याला वस्तू मोलाची वाटते. प्रागवाल्यांना हे बरोबर कळलंय. त्यांनी अंगण फुकट ठेवलंय आणि दारादाराला तिकीट. कॅथीड्रलमध्येसुद्धा मागच्या भागात फुकट उभं राहता येतं, पुढं जायचं तर तिकीट. २०२५ला मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यात आमच्या साताऱ्याचा प्रतापगड आहे, शेजारचा पन्हाळा आहे. प्रागचं जुनं शहर किल्ल्यासकट १९९२लाच त्या यादीत बसलं. आता प्रतापगडावर तिकिटाची रांग लागली की गर्दी वाढेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बाणूरगडाला तूर्त आशा नाही.

असो. किल्ल्याच्या पूर्वेच्या दारातून खाली उतरायला जुन्या पायऱ्या आहेत. बस खाली उभी होती, मॅनेजर छत्री उंच धरून पुढं गेला. सगळे थकलेले. आणि तेवढ्यात आबा दिसेनासे झाले.

पायऱ्यांच्या बाजूला किल्ल्याच्या उतारावर द्राक्षाची बाग आहे. सेंट वेन्सेस्लासची बाग म्हणतात. वेन्सेस्लास हा दहाव्या शतकातला राजा, त्यानं स्वतः इथं वेली लावल्या, अशी आख्यायिका. आताची बाग नव्यानं उभी करून २००८पासून लोकांना खुली केली आहे. गाईडबाईंनी हे एका वाक्यात उरकलं होतं, कारण त्यांच्या दृष्टीनं किल्ला मागं संपला होता. आमचा आत्ता कुठं सुरू झाला.

आबा ओळीत उकिडवे बसले होते. आमच्याकडं वेल मांडवावर किंवा वाय आकाराच्या अँगलवर चढवतात, माणूस खालून फिरतो. इथं तारांवर उभ्या भिंतीसारखे वेल, छातीएवढ्या उंचीचे, उतारावर ओळीनं. आबांनी ओळींतलं अंतर टाचेनं मोजलं, माती चिमटीत घेतली, खोड दाबून बघितलं. "खोड बघा किती बारीक. थंडीनं वाढूच देत न्हाई ह्येला." आमच्याकडं वर्षातून दोन छाटण्या, एप्रिलला आणि ऑक्टोबरला. इथं वेल हिवाळाभर झोपतो, वर्षाला एक छाटणी, एक पीक. "म्हंजे ह्येंचा मानूस निम्मं वरीस काय करतोय?" याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. बहुधा वाइन पितो. तिथंच पेल्यानं वाइन मिळत होती. तात्यांनी आक्कांची नजर चुकवून एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "बियांचं द्राक्ष. बेदान्याला कायबी उपेग न्हाई."

मग आबांनी एक पान उलटं केलं. त्यावर निळसर डाग.

"मोरचूद!" ते ओरडले. सबंध युरोपात त्यांच्या तोंडून निघालेला एवढाच उद्गार. "बोर्डो मारलाय! सर, ह्येंच्यात बी डाऊनी हाय!"

ओळीत काम करणारी एक बाई पुढं आली. तिला इंग्रजी येत नव्हतं, आबांनाही नव्हतं, त्यामुळं संभाषण सुरळीत झालं. आबांनी पानाची मागची बाजू दाखवून बोटांनी पांढरी बुरशी दाखवली, आभाळाकडं बोट करून पाऊस दाखवला, कपाळावर हात मारला. तिनं मान हलवली, पाठीवरच्या पंपाची खूण केली आणि तसाच कपाळावर हात मारला. दोघंही मनसोक्त हसले. मी त्या वेळी गप्प राहिलो, पण बोर्डोची जन्मकथा आबांना रात्री सांगितली. १८८०च्या सुमारास फ्रान्समध्ये बोर्डो गावाकडचे बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर चुना आणि मोरचूद शिंपडायचे, का तर जाणाऱ्या-येणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत. मियार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की ज्या वेलींवर हे शिंपडलंय त्यांना डाऊनीची बुरशी लागलेली नाही, आणि १८८५ला औषध जगापुढं आलं. "म्हंजे चोरांमुळं घावलं," आबा म्हणाले. "आमच्याकडं बी रस्त्याकडंला चोऱ्या हुत्यात, पर आमी नुसतं शिव्या देत बसलो."

त्या दिवशीच्या व्हिडिओ कॉलमध्ये पहिल्यांदा कॅमेरा उलटा फिरला. पोराला प्राग दिसलं: एक पान, एक खोड, तारेचा एक खांब आणि कोपऱ्यात, चुकून, कॅथीड्रलच्या मनोऱ्याचं टोक.

'तास-ए-गणेश' ही बिनबियांची जात ज्या तालुक्यात निपजली, तिथल्या माणसानं वेन्सेस्लासच्या बागेला नावं ठेवायचीच होती, आणि आबांनी बसमध्ये ती भरपूर ठेवली. एक गोष्ट मात्र त्यांना जड गेली. त्या वेलीला घड धरल्यावर साखर किती भरते, हे कळायला मार्ग नव्हता. प्रागला द्राक्षं तयार होतात सप्टेंबर-ऑक्टोबरात. नेमकी तेव्हा आमच्याकडं ऑक्टोबर छाटणी चालू असते, आणि छाटणी टाकून किल्ला बघायला जाणारा बागायतदार तासगाव तालुक्यात अजून जन्मायचा आहे. तेव्हा तुमच्यापैकी कुणी त्या दिवसांत प्रागला गेलं, तर कॅथीड्रल बघा, सात कुलपांचं दार बघा, खिडकीतून खाली डोकावून शेणखताचा अंदाज घ्या. पण पिशवीत साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर तेवढा न्या, आणि ब्रिक्स किती भरली ते तासगावला कळवा.